एका कडेनं डकवलेली चिठ्ठी

डोळे मिटा पाहू. मिटलेत? आता एक लांबच लांब खोली समोर आणा. दोन्ही भिंतींना छतापर्यंत कपाटं, कपाटांना काचेची दारं आणि दारांमागे जाडजूड पुस्तकं खांद्याला खांदा लावून झोपलेली. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन फरशीवर पसरलंय. त्यात धुळीचे कण असे सावकाश तरंगतायत, जणू त्यांना कुठं जायचंच नाही. जुन्या कागदाचा वास येतोय, आणि खळीचा. खळ म्हणजे पिठाची, कागद डकवायची. आला वास? मग उघडा डोळे. खोली आता कुठं जात नाही.

ही खोली होती डॉक्टरांच्या मंडळाची. देशभरातले डॉक्टर मिळून एक मासिक चालवायचे. कुणाला नवा आजार दिसला, कुणाला एखाद्या औषधाचा गुण आला, की ते त्यात लिहायचे, म्हणजे दूरच्या डॉक्टरलाही कळायचं. वर्षाचे अंक एकत्र बांधून त्यांचा एकेक खंड करत. मासिकाला यंदा शंभर वर्षं होत होती.

त्या खोलीतल्या टेबलाशी एक मुलगी पाय हलवत बसली होती. तिला आजोबा ‘शेपूट’ म्हणत, कारण ते जातील तिथं ती मागोमाग हजर. आजोबाही डॉक्टर, पण आता दवाखाना बंद केलेले. आज त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि तो चुरगळू नये म्हणून ते खुर्चीत ताठ बसले होते.

“आजोबा, तुम्ही काठी गिळल्यासारखे बसलाय.”

“फोटो काढायचाय माझा. गप्प बस.”

फोटोचं कारण तिला पाठ होतं. चाळीस वर्षांपूर्वी आजोबांनी मासिकात एक लेख लिहिला होता. मुलांच्या लांबलेल्या खोकल्यावर त्यांनी एक नवं औषध देऊन पाहिलं होतं, त्याची हकिकत. ते औषध आता कुणी देत नाही, पण लेख इतका नेटका होता, की शंभराव्या वर्षाच्या अंकात तो सगळ्यात पुढे छापायचं ठरलं होतं. नव्या डॉक्टरांनी हकिकत कशी लिहावी, याचा नमुना म्हणून. महिनाभर आजोबांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. छापण्याआधी आकडे एकदा दवाखान्याच्या जुन्या वहीशी ताडून पाहा, एवढंच संपादकबाईंनी सांगितलं होतं. त्या पाच वाजता येणार होत्या.

ग्रंथपाल मावशी आजोबांचा खंड शोधायला शिडीवर चढल्या, तोवर शेपटीनं टेबलावर आधीच पडलेला दुसराच एक खंड उघडला. मधल्या पानावर एक गुलाबी चिठ्ठी डकवलेली होती. नुसत्या डाव्या कडेनं. बोटानं उचलली, की पापणी उघडावी तशी ती उघडे आणि खालचा मजकूर आपल्याकडे बघायला लागे.

“मावशी, हे काय?”

“चूक आहे ती,” मावशी शिडीवरूनच म्हणाल्या. “लिहिणाऱ्या डॉक्टरला चूक कळली, की त्यानं चिठ्ठी छापायची आणि इथं येऊन स्वतःच्या हातानं डकवायची. मंडळाचा नियमच आहे.”

“सगळ्या खंडांत आहेत चिठ्ठ्या?”

“पहिल्या बारांत एकही नाही.”

“म्हणजे तेव्हाचे डॉक्टर चुकायचे नाहीत?”

आजोबा हसले. “चुकायचे गं. सांगायचे नाहीत. तेराव्या वर्षी एक म्हातारे डॉक्टर भर सभेत उठले आणि म्हणाले, माझ्या लेखात औषधाचं प्रमाण चुकलंय, ते वाचून कुणी तरी रोग्याला दुप्पट देईल. अध्यक्ष म्हणाले, पानच फाडून टाकू. म्हातारबुवा हट्टाला पेटले. पान ठेवा, म्हणाले, चिठ्ठी लावा, आणि एकाच कडेनं लावा. कुठं चुकलो ते दिसलंच नाही, तर पुढचा शिकणार काय?”

शेपटीनं आणखी खंड चाळले. चिठ्ठ्या उघडत होत्या, मिटत होत्या. कुणाची आजाराची पारख चुकली होती. कुणी रोग्याला न विचारताच नवं औषध देऊन पाहिलं होतं आणि त्याची कबुली दिली होती. ऊन हळूहळू टेबलावर चढलं. तिला वाटलं, कपाटांतून पांढऱ्या मिशांचे, जाड चष्म्यांचे, अंबाडा घातलेले कितीतरी डॉक्टर पावलं न वाजवता बाहेर येतायत आणि आपापल्या चिठ्ठीपाशी खाली मान घालून उभे राहतायत. पण कुणी रडत नव्हतं. उलट खांद्यावरचं ओझं उतरवल्यासारखे दिसत होते.

“जागी आहेस का?” आजोबांनी विचारलं. त्यांचा खंड टेबलावर आला होता. त्यांनी पिशवीतून दवाखान्याची जुनी वही काढली आणि उघडल्या उघडल्या नावांच्या रकान्यावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवली.

“नावं का झाकलीत?”

“ती रोग्यांची आहेत. त्यांनी मला सांगितली, तुला नाही. तू फक्त शेवटचा रकाना मोज. लेखात मी लिहिलंय, छत्तीस मुलांना औषध दिलं आणि छत्तीसही बरी झाली.”

तिनं बोट टेकवत मोजलं. मुलं छत्तीसच होती. पण ‘बरा’, ‘बरी’ असं सत्तावीस ओळींतच लिहिलेलं होतं. नऊ ओळींत नुसती आडवी रेघ.

“आजोबा, रेघ म्हणजे?”

“पुन्हा आली नाहीत ती. आली नाहीत, म्हणजे बरी झाली. आम्ही सगळे तसंच मोजायचो.”

“माझ्या वर्गातली ती दोन वेण्यावाली माहितीय ना? ती शाळेत यायची बंद झाली. बाईंना वाटलं, त्यांनी घर बदललं. ती तर पाय मोडून घरीच पडली होती.”

ती सहज बोलली होती. पण आजोबांनी चष्मा काढला आणि त्या रेघांकडे बघत राहिले. शर्टाला सुरकुती पडली तरी त्यांना कळलं नाही.

“माझंच मोजायचं चुकलं असेल,” ती घाईनं म्हणाली.

“पुन्हा मोज.”

तिनं पुन्हा मोजलं. देवा, रेघा आठ तरी येऊ देत. पण नऊच आल्या.

पाच वाजता संपादकबाई आल्या. त्या एकेकाळी आजोबांच्या हाताखाली शिकलेल्या. “काय सर, नवरदेव झालायत अगदी! देताय ना लेख?”

आजोबांनी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि सगळं सांगितलं. बाईंनी रेघा एकेक करून मोजल्या.

“सर, चाळीस वर्षं झाली. आता कोण बघणार?”

“शेपटीनं बघितलं.”

“पण मग नमुना म्हणून नाही छापता येणार हो. दुसरा लेख शोधावा लागेल.”

“शोधा,” आजोबा म्हणाले. “शर्ट काय, घालायला होईल कुणाच्या तरी लग्नात.”

मग त्यांनी कागद घेतला आणि सावकाश लिहिलं: छत्तीसपैकी सत्तावीस मुले बरी झालेली मी पाहिली. उरलेल्या नऊ मुलांचे काय झाले, ते मला माहीत नाही. ती बरी झाली असे मी लिहायला नको होते.

शेजारच्याच खोलीत छपाईयंत्र होतं. थोड्या वेळानं मावशी गुलाबी चिठ्ठी घेऊन आल्या, अजून शाईचा वास येणारी. खळीची वाटी आणि कुंचला पुढे ठेवला. आजोबांनी कुंचला उचलला, चिठ्ठीवर धरला आणि तसाच वाटीशेजारी ठेवून दिला.

“शेपटे, तूच लाव.”

“अहो डॉक्टर, नियमात ‘स्वतः’ असं लिहिलंय,” मावशी म्हणाल्या.

“मग? शेपूट माझीच ना? झालं की स्वतः.”

संपादकबाई हसल्या. आजोबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

शेपटीनं कुंचला बुडवला. चांगला भरपूर भरला होता. एवढ्या खळीत अख्खी चिठ्ठी माखली असती. सगळी माखून घट्ट दाबली, की खालचं ‘छत्तीसही’ पुन्हा कधी कुणाला वाचताच आलं नसतं. आजोबांची पाठ तिला दिसत होती. शर्टाची कॉलर एका बाजूनं वर राहिली होती.

तिनं कुंचला वाटीच्या काठावर निपटला. पुन्हा एकदा निपटला. जीभ दातांत धरून चिठ्ठीच्या डाव्या कडेला एक बारीक रेघ ओढली, चिठ्ठी जागेवर ठेवली आणि अंगठ्यानं ती कड दाबली. मग मोकळी बाजू बोटानं जराशी उचलून खालची ओळ नीट वाचता येते ना, ते पाहिलं, आणि खळ वाळेपर्यंत वाकून तिच्यावर हळूहळू फुंकर घालत बसली.