वाकेशोची बसायची उशी

मित्रांनो, माझे नाव उशी, पण माझ्यावर आजवर कुणी डोके ठेवलेले नाही. माझ्यावर लोक बसले. लोक कसले, एकच बाई बसली, आणि तीही जमिनीपासून दहा हजार फुटांवर. आता मी जुनी झाले आहे, माझ्या शिवणी दोनदा उसवून पुन्हा घातल्या आहेत, तेव्हा माझी हकीकत सांगायला हरकत नाही. तिच्यात फुशारकी थोडी आहे आणि लाज जास्त.

वोई गावाच्या बाजारात एका शिलाई मशीनवर माझा जन्म झाला. वाकेशोची आई तिथे शाळेचे गणवेश शिवायची. तिची मुलगी विमान चालवायला शिकली, परवाना मिळवला, दोनशे तासांचे उड्डाण नोंदवहीत घेऊन घरी आली आणि रडत बसली. कारण काय, तर उंची! मालाच्या छोट्या विमानात बैठक पुरती वर घेतली तरी तिला विमानाच्या नाकापलीकडची धावपट्टी दिसेना. आईने तिची समजूत वगैरे काढली नाही. "किती वर हवंय?" एवढेच विचारले, मुलीने हाताने दाखवले, आणि आईने टेप लावून तीन इंच धरले.

देवळाच्या मागे सावरीचे झाड होते. त्याच्या बोंडांतला मऊ, चकचकीत कापूस काढून, सरकी वेचून तिने तो माझ्यात इतका ठासला की मला कुणी दाबले तर मी हात परत ढकलायचे. आत निळे जाड कापड, वर तिचा स्वतःचा, अंगाभोवती गुंडाळायचा जुना रंगीत कांगा.

"दर रविवारी उन्हात घाल," आई म्हणाली. "काठीने चांगली झोडप. सावरी लाडावलेली असते. लक्ष दिलं नाही की बसते ती बसतेच."

"आई, ही उशी आहे की मी गाय पाळायला घेतलीय?"

"गाय परवडली. ती निदान हंबरते तरी."

मला हंबरता येत नाही, ही गोष्ट पुढे फार महागात पडली.

वाकेशोला नैरोबीतल्या एका लहानशा मालवाहू कंपनीत काम मिळाले. तिला माणसे न्यायची नव्हती, मालच न्यायचा होता. शिकत असताना एकदा ती प्रवाशांच्या विमानाच्या दारात उभी होती, तर एक गृहस्थ तिला म्हणाले, "बाळ, जरा पायलटला बोलाव." हे तिने मनाला लावून घेतले होते. "मासळीच्या पेट्या असं काही विचारत नाहीत," ती म्हणायची. रोज संध्याकाळी गुलाबांनी भरलेले एक प्रचंड मालवाहू विमान शहरावरून परदेशी निघायचे. ते दिसेनासे होईपर्यंत ती मान वर करून उभी राहायची. त्या विमानात बसायचे तर दोन गोष्टी लागत होत्या. पंधराशे तासांचे उड्डाण, आणि कंपनीचे मुख्य वैमानिक कॅप्टन बरासा यांचे शिफारसपत्र.

मग आम्ही तास जमवू लागलो. 'आम्ही' म्हणते, कारण त्यातला एकही तास माझ्यावाचून गेला नाही. औषधे, सायकली, मिशनच्या शाळेची बाके, एकदा तर शंभर कोंबड्या. परत येताना तुर्काना सरोवराकाठच्या पट्टीवरून बर्फातली मासळी. मित्रांनो, माणूस किती घाबरला आहे हे सगळ्यात आधी त्याच्या खालच्या उशीला कळते. पहिल्या महिन्यात वाकेशो माझ्यावर दगडासारखी बसायची. हळूहळू ती सैल झाली. एके दिवशी सरोवरावरून धुळीचा आडवा वारा सुटला असताना तिने विमान असे अलगद टेकवले की शेजारी बसलेले बरासासाहेब म्हणाले, "पोरी, चाकं लागली की नाही हे बघायला मी खाली वाकणार होतो!" स्तुती तिची झाली, पण फुगले मी.

सरोवराकाठी माल चढवायला एकिरू होता. उंच, शिडशिडीत, तुर्काना जमातीचा माणूस, अकरा वर्षे तेच काम. पेट्या कुठे ठेवायच्या, किती मागे, किती पुढे, दोर कसा आवळायचा, हे त्याच्या हातात मुरलेले होते. मालाचा भार पुढे गेला तर विमानाचे नाक जड होते, हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. विमान थांबले की तो दारापाशी येऊन ओरडायचा, "काय कॅप्टन, मोजणी कुठवर आली?"

"अकराशे चाळीस!"

"अगं, माझ्या शेळ्यासुद्धा इतक्या हळू वाढत नाहीत!"

सुरुवातीला दर रविवारी मी विमानाच्या पंखावर ऊन खात पडायचे आणि मग झोडपून घ्यायचे. मार खाऊन इतके बरे वाटते, हे उशीशिवाय कुणाला समजणार नाही. पण हजार तास झाले आणि वाकेशोला तासांची हाव सुटली. कुणाला सुट्टी हवी असली की त्याची फेरी ही घ्यायची. रविवार गेले. चार महिने मी ऊन पाहिले नाही. घाम, दमट हवा आणि तिचे वजन यांनी माझ्यातली सावरी दबत गेली. मी रोज केसभर खचत होते. केसभर खचणे कुणाच्या लक्षात येते? तिच्याही आले नाही.

तीन इंचांचा सव्वा इंच झाला. तिचे डोळे तेवढे खाली आले. उतरताना धावपट्टी नाकाआड जाऊ लागली, आणि ती दिसावी म्हणून वाकेशो नकळत विमानाचे नाक किंचित खाली धरू लागली. मग मागच्या चाकांऐवजी पुढचे चाक आधी आदळायचे. सरोवराकडे जातानाही ती तशीच उतरायची, पण जाताना माल हलका, दणका हलका. परतताना मासळीचे वजन असायचे आणि नैरोबीच्या पट्टीवर सगळ्यांसमोर धाडकन आवाज व्हायचा. मिस्त्री ओम्बोगोंनी पुढच्या चाकाचा दांडा दोनदा उघडला, दोनदा बसवला.

"नाक जड वाटतं मला," वाकेशो बरासासाहेबांना म्हणाली. "परतताना."

"पेट्या पुढे बांधल्या जात असतील?"

तिने पेट्या पाहिल्या नव्हत्या. पाहायला वेळ कुठे होता? "असतील," ती म्हणाली. "एकिरू हल्ली घाईत बांधतो."

"लिहून दे."

तिने विमानातच, माझ्यावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिले. चार ओळी. मला सगळे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. त्या दिवशी मी फाटून गेले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी एकिरूला कामावरून काढले. नवा माणूस आला. पेट्या तशाच बांधल्या गेल्या, आणि विमान तसेच आदळत राहिले. तीन आठवडे झाले. बरासासाहेब काही दूधखुळे नव्हते.

"आता हमाल बदलून झाला," ते म्हणाले. "बुधवारी मी शेजारी बसतो. नीट उतरवलंस तर ठीक. नाहीतर तू उजव्या बाजूला, दुसऱ्याच्या हाताखाली. मग शिफारसपत्राचं नावही काढायचं नाही."

नोंदवहीत तेव्हा चौदाशे बावन्न तास होते.

मंगळवारी दुपारी ओम्बोगो मिस्त्री बैठकीखालची पट्टी तपासायला आत शिरले. मला उचलून त्यांनी बाहेर वाकेशोकडे फेकले, मग थबकले आणि मला परत मागून घेतले.

"हे काय आहे? चपाती?"

"उशी आहे, मझे." ओम्बोगोंना सगळे मझे म्हणत, वडीलधारे म्हणून.

"उशी होती. आता चपाती आहे." त्यांनी माझा कांगा चिमटीत धरला. तो माझ्या अंगावर झोळीसारखा लोंबत होता. "किती तास बसलीस हिच्यावर?"

"साडेबाराशे."

"मी तुझ्या इंजिनाचं तेल बघतो, चाक बघतो, दर स्क्रूची यादी आहे माझ्याकडे. ही कुणाच्या यादीत आहे?"

मिस्त्रींनी एक घोंगडी दोनदा दुमडून माझ्याखाली घातली. "बस. आता बाहेर बघ."

ती बसली. समोर धावपट्टीची पांढरी रेघ पार टोकापर्यंत दिसत होती. तिचे सगळे अंग पुन्हा दगडासारखे झाले. पहिल्या महिन्यात व्हायचे तसे नाही, त्याहून वाईट.

"एकिरू," ती म्हणाली.

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिले. भला माणूस होता तो. "हे बघ, उद्या तू सुरेख उतरवशील. अठ्ठेचाळीस तास राहिलेत तुझे. पत्र हातात पडू दे, मग त्या माणसाचं बघू. मी कुणाला सांगणार नाही."

ती लगेच उठली नाही. खोटे कशाला सांगू? तो मोह तिला झाला. मी तो माझ्यावर पेलला आहे, आणि तो फार जड होता. मग तिने मला काखेत मारले आणि तशीच बरासासाहेबांच्या खोलीत गेली. मला त्यांच्या टेबलावर ठेवून तिने सगळे सांगितले.

साहेबांनी मला दाबून पाहिले. "म्हणजे तुझी तक्रार खोटी होती."

"खोटी नव्हती, सर. चुकीची होती."

"त्या माणसाला त्यात काय फरक पडला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले, ते तिने पुसले नाही.

"एकिरूला आजच निरोप जाईल," साहेब म्हणाले. "आणि हे तुझ्या कागदांत लिहिलं जाईल. न बघता एका माणसावर लिहून दिलंस. पंधराशे तास झाले तरी पत्र मी सहा महिने देणार नाही. चालेल?"

"चालेल."

"नाही चाललं तरी तेच आहे. उचल ती चपाती."

बुधवारी घोंगडीच्या आधाराने तिने विमान अलगद टेकवले, पण या वेळी फुगायला माझ्यात जीव नव्हता. आईने फोनवर तिची खरडपट्टी काढली, "का गं, अख्ख्या नैरोबीत एक काठी मिळाली नाही?" आणि वोईच्या बसने नव्या सावरीचे गाठोडे पाठवले. ओम्बोगोंनी माझे नाव आपल्या यादीत लिहिले, चाकांच्या खाली आणि आग विझवायच्या नळकांड्याच्या वर. पुढचे आताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. शिफारसपत्र तिला मिळाले, सहा महिन्यांनी, आणि आज ती गुलाबांच्या त्या मोठ्या विमानात बसते. तिथे कळ दाबली की बैठक हवी तेवढी वर येते. मी तिच्या घरी खिडकीतल्या खुर्चीवर असते. पण मला सांगायची आहे ती सरोवराकाठची गोष्ट.

एकिरू कामावर परतल्यानंतरची ती पहिली फेरी होती. विमान थांबले. तो दारापाशी आला, पण मोजणी विचारली नाही. पेट्या चढवू लागला. वाकेशो खाली उतरली, मला हातात घेऊन.

"एकिरू, पेट्यांचं काही नव्हतं. ही खचली होती. मी बघितलंच नाही, आणि तुमचं नाव लिहून दिलं. माझं चुकलं. तुमचे बावीस दिवस गेले."

"तेवीस," तो म्हणाला. दोर आवळून झाल्यावर तो वळला. "घरी बसून काय करणार? मेव्हण्याच्या होडीवर गेलो. मला होडीतलं काय कळतं? जाळं ओढताना वारा फिरला, दोर हाताला गुंडाळला गेला."

त्याने उजवा हात पुढे केला. तिने पाहिला आणि तोंडावर ओढणी घ्यावी तसा माझा कांगा तोंडावर धरला. ती रडते आहे हे त्याला दिसत नव्हते, मला कळत होते.

"रडून पेट्यांतला बर्फ थांबायचा नाही," एकिरू म्हणाला. आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. "आण इकडे ती."

त्याने मला तिच्या हातातून घेतले, आत वाकून बैठकीवर ठेवले, आणि तळवा पसरून जोराने दाबले. मी ढकलले तेव्हा त्याचा हात वर आला.

"ठीक आहे. आता दर खेपेला मी बघणार. तुझं तू बघत नाहीस. बस, आणि सांभाळून जा."

वाकेशो बसायला आली, पण लगेच बसली नाही. नव्या सावरीवर त्याच्या हाताचा ठसा उमटला होता. अंगठा आणि तीन बोटे.

मित्रांनो, मला उन्हात घाला, झोडपा, असे मी सांगत नाही. ते तुमच्या घरचे कुणीतरी सांगेलच. माझे मागणे वेगळे आहे. काही बिघडले, तर आधी आपण ज्यावर बसलो आहोत ते उचलून पाहा. कुणाचे नाव कागदावर लिहायचे ते त्यानंतर. मला नवी सावरी भरून मिळाली. एकिरूला बोट मिळाले नाही.