नंदीला आलेलं आवतण

मी शिवण झाडाच्या लाकडाचा एक जुना नंदी आहे. चाकं चार, शिंगं दीड, उजवा कान नाही. मित्रांनो, माझी कीव करू नका. मोडलेलं अर्धं शिंग एका लेकराच्या तोंडात गेलं. त्याला दात येत होते. लाकडाच्या नशिबी याहून चांगलं काही येत नाही.

गडचिरोलीकडच्या एका धानाच्या गावात दसरू नावाच्या शेतकऱ्यानं मला घडवलं. तो सुतार नव्हता, हे माझ्या पायांकडे पाहिलं की कळतंच. त्याची पोरगी रंजीता तीन वर्षांची झाली होती आणि तान्हा पोळा तोंडावर आला होता. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा भरतो. लेकरं लाकडी नंदी ओढत घरोघर जातात, लोक त्यांच्या हातावर खाऊ ठेवतात. पोरीसाठी नंदी केला म्हणून गावातले काही शहाणे हसले. दसरू म्हणाला, "बैल काई पोरगा-पोरगी पाहून चालते का?" विषय संपला.

रंजीतानं मला बांधाबांधावरून ओढलं, चिखलात लोळवलं, माझ्या तोंडात भात कोंबला. कान तेव्हाच गेला. मग ती मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. कोंबड्या माझ्या पाठीवर बसून घाण करायच्या. तो राग मी अजून सोडलेला नाही.

बारावीनंतर रंजीता विद्यापीठात शिकायला लागली. विषय होता बालसंगोपन आणि शिक्षण. म्हणजे सहा वर्षांखालच्या लेकरांना वाढवायचं कसं, शिकवायचं कसं. किराणा दुकानवाला बिरजू म्हणाला, "लेकरं खेळवाले कॉलेज कायले लागते?" ज्यानं आपलं लेकरू एक दुपार सांभाळलं नाही, त्यानंच हे विचारावं, हे रीतीला धरूनच झालं.

संध्याकाळी ती माळ्याखाली बसून मोठ्यानं वाचायची. लेकरू आधी हातानं शिकतं, मग तोंडानं बोलतं, असं तिच्या पुस्तकात होतं. वाक्य सोन्यासारखं. पण ती ते डोळे मिटून घोकायची.

परीक्षेचा तिचा पहिला पाठ नापास झाला. गावच्या अंगणवाडीत तिनं मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, आणि गोटे मांडून शिकवलं होतं, आणि साहित्य अपुरं म्हणून शेरा पडला. आता दुसरा पाठ पोळ्याच्या आदल्या दिवशी होता. हाही गेला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर शिकणं संपलं. आईनं तसं स्पष्ट सांगून टाकलं होतं. म्हणून रंजीतानं मला माळ्यावरून काढलं. घासलं, ऑइल पेंटनं पांढरंशुभ्र केलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं. पाठ तपासायला येणाऱ्या विद्यापीठातल्या मॅडमसमोर मी गडगडू नये म्हणून माझी चाकं सुतळीनं बांधली आणि मला उंच टेबलावर चढवलं.

अंगणवाडीच्या सेविका ललिताबाई मला पाहून म्हणाल्या, "काऊन वो रंजीता, हा नंदी हाय का नवरदेव?"

रंजीता हसली नाही. तिनं लेकरांना हाताची घडी घालायला लावली, तोंडावर बोट ठेवायला लावलं. मग पुस्तकी मराठीत सुरू केलं, "बैल हा पाळीव प्राणी आहे. बैल आपल्याला काय देतो?" कुणी बोलेना. तोंडावर बोट ठेवलेलं लेकरू बोलणार कसं, हे तिला सुचलं नाही. भीती माणसाला अशीच अडाणी करते. मॅडम मागं बसून वाट पाहत होत्या. बाई वाईट नव्हती. तिलाही लेकरांनी बोलायला हवंच होतं.

शेवटी खिचडीची वेळ झाली आणि ललिताबाईंनी ताटल्या वाढल्या. तेवढ्यात इसरू उठला. हा चार वर्षांचा, घरी गोंडी बोलणारा. अंगणवाडीत आल्यापासून त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ताटली घेऊन तो थेट टेबलाशी आला आणि प्लास्टिक ओढायला लागला.

"हात नोको लावू," रंजीता ओरडली.

त्यानं हात मागं घेतला, पण हलला नाही. दोन बोटं पिवळ्या खिचडीत बुडवली आणि माझ्या खांद्याच्या दिशेनं हवेत धरून उभा राहिला. विचारत होता जणू.

तेव्हा रंजीताला उमजलं. त्या दिवशी संध्याकाळी घरोघर खांदशेकणी होती. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याला तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. इसरूच्या ताटात तूप नव्हतं. हळद होती.

तिनं एकदा मॅडमकडे पाहिलं. मग प्लास्टिक टराटरा फाडलं, सुतळी दातानं तोडली आणि मला जमिनीवर ठेवलं. इसरूच्या शेजारी उकिडवी बसून तिनं त्याला गोंडीतून विचारलं, आता याला काय करायचं ते तूच दाखव. इसरूनं माझ्या खांद्याला खिचडी चोळली. सावकाश, बाप चोळतो तशी. मग माझ्या नसलेल्या कानाशी तोंड नेऊन, गावात सगळे म्हणतात तेच म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"बोलला वो," ललिताबाई पुटपुटल्या.

मग काय विचारता! सगळी लेकरं तुटून पडली. कुणी पाणी पाजलं, कुणी दोर बांधला, कुणाचा बैल मारका ते दोन भाषांत मला सांगितलं. माझा रंग सोलला. मित्रांनो, मला कोंबड्यांचाही विसर पडला.

मॅडमनी विचारलं, "हे तुझ्या नियोजनात होतं?"

"नाई मॅडम," रंजीता खरं बोलली.

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. निघताना त्यांनी मला उचललं. विभागात काचेचं कपाट आहे, तिथं ठेवू, दरवर्षी नव्या मुलींना दाखवू, म्हणाल्या. मोठाच मान. गुणांचा कागद अजून त्यांच्याच पिशवीत होता. रंजीता रडकुंडीला आली, तरी बोलली, "नाई देता येत, मॅडम. त्याले उद्या जेवाचं आवतन हाय."

मॅडमनी इसरूकडे पाहिलं. मग वाकून मला पुन्हा जमिनीवर ठेवलं, चाकांवर.

रंजीता पास झाली. दुसऱ्या दिवशी इसरूच्या दारात मी पळसाच्या पानावर पुरणपोळी जेवलो. ती अजून माझ्या चाकात थोडी अडकून आहे.

तर मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांना माझा निरोप सांगा. खेळणी कपाटात ठेवून जपली असं म्हणू नका. ती पुरलीत तुम्ही. आणि गप्प बसलेल्या लेकराला शहाणं म्हणून शाबासकी देऊ नका. त्याची चाकं कुणीतरी बांधलेली असतात. आधी ती सुतळी तोडा.