मुंगसाचा वाटा

रुचितानं आपले फासे गोळा करून कापडी पिशवीत टाकले आणि पिशवीची नाडी ओढली. खेळ अजून संपला नव्हता. टेबलावरच्या पुठ्ठ्यावर काढलेलं भुयार अर्धंच पार झालं होतं. धनेशनं फासा टाकायला उचललेला हात तसाच खाली घेतला.

“काय झालं?” माधुरीनं विचारलं.

“काय व्हायचंय? सापळा कुठं आहे ते मुंगसानं शोधलं. किल्ली मुंगसानं आणली. पहारेकरी झोपलाय का जागा आहे, ते बी मुंगसानंच बघितलं. या खेळात चोर मी आहे ना, ताई? मग मला चोरायला ठेवलंय काय? मुरबाडवरनं गाड्या बदलत मी फरसाण खायला येते का?”

फरसाणाची ताटली तिच्याच पुढ्यात होती आणि निम्मी रिकामी झाली होती.

“पुढच्या रविवारी मी नाय येणार. मुंगसाला घेऊन खेळा तुमी.”

ती गेली. जाताना तिनं भगीरथकडे पाहिलं नाही. भगीरथनं मात्र तिची खुर्ची नीट आत सरकवून ठेवली.

शहापुरातल्या एका वाचनालयाची ही मागची खोली. रविवारी एक वाजता वाचनालय बंद झालं की जुन्या मासिकांचे गठ्ठे भिंतीकडे ढकलून हे चौघं इथं बसत. माधुरी वाचनालयातली कारकून, आणि हा खेळ तिनंच आणलेला. एकानं गोष्टीतलं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. आपला माणूस काय करतो ते तोंडानं सांगायचं, आणि त्याला ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. नियमांची इंग्रजी पुस्तकं विटेएवढी जाड. माधुरीनं दोन वर्षं खपून त्यांची मराठीत एक वही केली होती आणि त्या वहीचा तिला गुपचूप अभिमान होता. जग सांगायचं काम तिचं. धनेश आठवडाभर वाशिंदच्या एका कारखान्यात डब्यांची झाकणं तपासायचा आणि रविवारी तलवारबहाद्दर व्हायचा. रुचिता मुरबाडच्या औषधाच्या दुकानात बसायची, इथं ती चोर होती. उंबरमाळीकडचा भगीरथ एका रोपवाटिकेवर कामाला होता. तो मांत्रिक.

मांत्रिकाला सोबतीला एक प्राणी मिळतो, असा खेळाचा रिवाज. लोक घुबड घेतात, काळं मांजर घेतात. भगीरथनं मुंगूस घेतलं. त्याला नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की ते पाळीव होतं, असं त्याचं म्हणणं.

चूक माधुरीची होती, आणि ती तिला त्या दिवशी वही पुन्हा उघडल्यावर दिसली. सोबतीच्या प्राण्याला आवर घालायला इंग्रजी पुस्तकांत तीन पानं खर्ची पडली होती: किती लांब जाईल, किती वेळ दिसेल, काय उचलेल. माधुरीला ती पानं कंटाळवाणी वाटली होती. तिनं ती गाळून त्या जागी एकच ओळ लिहिली होती, चौदावा नियम. *सोबतीचा प्राणी खऱ्या प्राण्याला जमेल तेवढंच करील.* लिहिताना तिला वाटलं होतं, यानं प्राणी चांगलाच जखडला जाईल. बाजारपेठेत वाढलेल्या माधुरीनं मुंगूस आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा रस्ता ओलांडताना. रस्ता ओलांडण्यापलीकडे त्याला काय येत असणार?

भगीरथच्या रोपवाटिकेत पाण्याच्या टाकीखाली मुंगसांची जोडी राहत होती. तो ती तीन वर्षं रोज बघत होता. तो सांगायचा, मुंगूस अंडं पुढच्या पायांत धरतं आणि मागच्या पायांमधून दगडावर फेकतं. म्हणजे विषाची कुपीही फोडील. तो सांगायचा, ते आधी वास घेतं, मग उभं राहतं, मग पुन्हा वास घेतं. म्हणजे सापळ्यावर पाय देणार नाही. त्यानं लबाडी केली असती तर माधुरीला त्याला अडवता आलं असतं. तो खरं सांगत होता, आणि नियम खऱ्याच्या बाजूनं होता.

तीन जणांत हा खेळ होत नाही. रुचिता गेली तर डाव मोडणार हे उघड होतं. पण माधुरीला खरी धास्ती वेगळीच होती. भगीरथ पहिले दोन महिने या खोलीत फक्त ‘हो’ आणि ‘नाय’ एवढंच बोलला होता. शहापूरला कॉलेजात असताना तो तोंड उघडायचा आणि वर्ग त्याच्या बोलीला हसायचा. तेव्हापासून तो शब्द तोलून बोलायला लागला, आणि बहुतेक शब्द ताजव्यातच राहून जायचे. मुंगूस आलं आणि त्याचं तोंड उघडलं. साप समोर आला की मुंगूस अंगावरचे केस कसे फुलवतं, हे तो एकदा पाव तास सांगत होता. त्या पाव तासात माधुरी खेळ विसरून गेली होती. त्या मुंगसाला आवर घालायचा म्हणजे त्याचं तोंड पुन्हा बंद करायचं, असं तिला वाटत होतं.

सोमवारी आणि मंगळवारी तिनं वहीत खाडाखोड केली. मुंगूस वीस पावलांपलीकडे जाणार नाही. पण का जाणार नाही? मुंगूस दिवसातून एकदाच काम करील. म्हणजे उरलेला दिवस काय करील? त्याला दोनच श्वास द्यावेत. ‘श्वास’ हा तिनं वहीत वापरलेला शब्द; प्रत्येकाला ठरावीक श्वास, जखम झाली की कमी होतात, शून्य झाले की माणूस मेला. पण दोन श्वासांचं मुंगूस पहिल्याच रविवारी मरणार. शेवटी तिनं तो कागद फाडला.

बुधवारी भगीरथ पुस्तक बदलायला आला. काउंटरवर पुस्तक ठेवून त्यानंच विषय काढला.

“रुचिताताई रागावल्या त्या माझ्यामुळं.”

“तुझ्यामुळं नाही. मुंगूस भारी झालंय, एवढंच. काय करावं ते मला सुचत नाही.”

भगीरथनं थोडा विचार केला. मागे एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालत होते, ते जाईपर्यंत तो थांबला.

“मॅडम, तुमी त्याला फुकट राबवताय.”

“म्हणजे?”

“आमचा आजा, लखमा, पारधीला जायचा. लई जुनी गोष्ट, शिकारबंदीच्या आधीची. दहा माणसं आणि एक कुत्रा गेला तर वाटे अकरा. कुत्र्याचा वाटा माणसाएवढा. आन् पहिला त्याचा. धनी मागनं.” तो थांबला. “तुमच्या वहीत जनावराला वाटाच नाय. मग मी कशाला चोराला पुढं धाडू? जनावर फुकट हाय, जनावरच धाडणार ना.”

माधुरीनं पेन उघडलं. दोन दिवस ती मुंगसाचे पाय बांधत बसली होती, आणि हा माणूस एका वाक्यात मुळाशी पोचला होता.

“वाटा कशाचा द्यायचा?”

“श्वासांचा. मांत्रिकाच्या.”

“मग एका कामाला एक श्वास?”

“एकानं काय व्हायचंय? बारा श्वास हायेत मांत्रिकाला. एका रविवारी मी फार तर सात कामं सांगतो. काय फरक नाय पडायचा. तीन ठेवा.” त्यानं बोटं न मोजता सांगितलं. “चार कामं. चौथ्याला मांत्रिक मेला.”

“फार होतं रे.”

“मग तर इचार करून धाडीन.”

रात्रीची झोप मिळाल्याशिवाय श्वास परत येणार नाहीत, हेही त्यानंच घालायला लावलं. स्वतःच्या विरुद्ध इतका कडक नियम करणारा खेळाडू माधुरीनं पाहिला नव्हता. तो गेल्यावर तिनं रुचिताला फोन केला आणि ‘एकदाच ये’ म्हणाली.

रुचिता आली. फाशांची पिशवी तिनं टेबलावर ठेवली, पण नाडी सोडली नाही. फरसाणाला हात लावला नाही, तेही मुद्दाम.

भुयाराच्या दुसऱ्या वळणावर कुलूपबंद दार आलं. सगळ्यांनी सवयीनं भगीरथकडे पाहिलं. तो म्हणाला, “मांत्रिक मागं उभा हाय.” मग रुचितानं नाडी सोडली. कुलूप तिनं पहिल्याच फाशाला उघडलं. त्यानंतर ती खुर्चीत पुढे सरकून बसली ती बसलीच. धनेशला दोन पहारेकरी मिळाले आणि त्यानं ते हाणले. भगीरथनं चार तासांत मुंगूस तीनदा धाडलं, आणि प्रत्येक वेळी आधी खोडरबर घेऊन आपल्या कागदावरचे श्वास खोडले. बाराचे नऊ, नवाचे सहा, सहाचे तीन.

मग रुचिताची चोर खड्ड्यात पडली. फासा वाईट पडला, दुसरं काय! वरून दगड ढासळला, तलवारबहाद्दर पलीकडे अडकला. खड्ड्यात नाग होता, आणि तो माधुरीनं महिन्यापूर्वीच तिथं काढून ठेवलेला होता.

“मुंगूस खाली उतरतं,” भगीरथ म्हणाला.

“तुझे तीनच उरलेत,” माधुरी म्हणाली.

“ठावं हाय.”

“अरे, नको ना,” रुचिता म्हणाली. “मी बघते काय करायचं ते. मरशील उगाच.”

“आधी त्याचा वाटा,” भगीरथ म्हणाला आणि त्यानं तीन खोडून शून्य लिहिलं. मग फासा टाकला. सतरा. नाग मेला. खड्ड्याच्या काठावर मांत्रिक बसला होता, तिथंच आडवा झाला.

माधुरीला वहीचं पान उलटायला नको वाटत होतं, पण तिनं ते उलटलं आणि वाचलं. नववा नियम. धनी मेला की सोबतीचा प्राणी नाहीसा होतो.

“नाहीसा कशाला होईल?” भगीरथ म्हणाला. “ते खड्ड्यात हाय की. नागाजवळ.”

“तसं लिहिलंय.”

“कुणी लिहिलंय?” रुचितानं विचारलं.

“मीच लिहिलंय.”

रुचितानं खोडरबर भगीरथपुढून उचललं. आपल्या कागदावरचे दहा श्वास खोडले आणि सात लिहिले.

“आता माझ्याकडनं खाईल ते.”

“चोराला सोबतीचा प्राणी नसतो, रुचिता.”

“चोर आहे ना मी? चोरलं.”

धनेश टेबलावर हात आपटून हसला. माधुरीनं नवव्या नियमावर आडवी रेघ ओढली आणि एक कोरा कागद भगीरथकडे सरकवला. माणूस मेला की नवा माणूस करून घ्यायचा, ही पद्धत.

“नवा मांत्रिक कर. पुढच्या दालनात भेटेल यांना.”

भगीरथनं मेलेल्या मांत्रिकाचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला.

“नाय. मी मुंगूस.”

“मुंगूस कुणी होतं का कधी?” धनेश म्हणाला.

“मग इतके दिवस कोण होतं?” असं म्हणून तो माधुरीकडे वळला. “चौदावा नियम हाय तसाच ना, मॅडम?”

डाव वाचला होता, रुचिता हसत होती. त्या आनंदात माधुरी पटकन म्हणाली, “तसाच.”

पुढचा तासभर भगीरथ बोलला नाही. खऱ्या मुंगसाला जमेल तेवढंच. रुचितानं विचारलं, पुढं सापळा आहे का, तर त्यानं नखानं पुठ्ठ्यावर दोनदा टकटक केलं आणि बोट भिंतीच्या कडेनं ओढलं. ती त्या कडेनं गेली. थोड्या वेळानं तिला विचारावंही लागेना, ती नुसती त्याच्या हाताकडे बघायची. धनेश वार करीत होता, चोर चोरत होती, कुणाचं काम कुणी हिरावत नव्हतं. माधुरीला दोन वर्षांत असा खेळ जमला नव्हता.

आणि तिला वाईट वाटत होतं. चांगलंच वाईट वाटत होतं. केस कसे फुलतात, अंडं कसं फेकतात, ते आता कोण सांगणार? जे राखायला तिनं एवढा आटापिटा केला, ते तिनं स्वतःच्याच एका शब्दानं घालवलं होतं. तिनं पेनाचं टोपण काढलं. चौदाव्या नियमावर एक रेघ, की झालं. गोष्टीतलं मुंगूस, त्याला बोलता येतं म्हटलं तर कोण भांडायला येणार होतं?

तिनं वर पाहिलं. भगीरथ खुर्चीत जरासा तिरपा बसला होता, मान कलती करून. त्या खोलीत तो कधीच असा ऐसपैस बसला नव्हता. मुंगसाचं सांगतानासुद्धा तो प्रत्येक वाक्यानंतर एक क्षण थांबायचा, आणि टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवून मगच पुढचं वाक्य घ्यायचा. तिला तो थांबा आत्ता आठवला. इतके दिवस तो दिसत होता, पण गोष्टीच्या नादात तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता भगीरथ कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नव्हता.

माधुरीनं टोपण पुन्हा लावलं.

“समोर आणखी एक दार आहे,” ती म्हणाली. “आतून खुडखुड ऐकू येतेय.”

“थांबा,” रुचिता म्हणाली. “आधी याचं होऊ दे.”

तिनं फरसाणाची ताटली उचलून भगीरथपुढे ठेवली आणि त्यानं त्यातला पहिला शेंगदाणा उचलेपर्यंत स्वतः हात लावला नाही.