छपरावरून पडण्याचा आवाज

"वहिनी, पावलं झाली की तू घरी जा. पुढचा पडण्याचा आवाज मी दुसऱ्याकडून करून घेतो," ध्वनिमुद्रक माक म्हणाला.

क्वाई-हानने पायातले बूट घट्ट केले. हाँगकाँगच्या त्या स्टुडिओत सिनेमे मुकेच चित्रित होत. पावलं, तलवारी, वारा, सगळं ती नंतर पडद्याकडे बघत हातापायांनी वाजवायची. आज पडद्यावर तिचा नवरा नायकाच्या वेषात देवळाच्या छपरावरून धावत होता आणि त्याचेच कापडी बूट घालून ती जमिनीवर मांडलेल्या कौलांवर पावलं टाकत होती.

चित्रीकरणात छपराच्या कडेवरून त्याचा खरोखरच पाय निसटला होता. खाली पडला तो उठलाच नाही. निर्मात्याने ते दृश्य तसंच ठेवलं. त्या वेळी आवाज दुसऱ्या कुणी वाळूचं पोतं आपटून केला होता. क्वाई-हानने तो कधी ऐकला नव्हता. तरी शेजारी कुणी खुर्ची आपटली की तिला तोच ऐकू येई.

आता सिनेमा अमेरिकेत जाणार होता. संवाद इंग्रजीत होणार आणि जुन्या पट्टीवर सगळं एकत्रच होतं, म्हणून बाकीचे आवाज नव्याने हवे होते.

"मीच करते," ती म्हणाली.

"कशाला जिवाला त्रास?"

"परक्याच्या हातून ह्यांना पुन्हा कशाला पाडायचं?"

तिने तयार ठेवलेलं वाळूचं पोतं बाजूला सारलं. कापसाची रजई चौपदरी घालून मायक्रोफोनखाली ठेवली. पडद्यावर नवरा कडेवरून सुटला तसे तिने दोन्ही हात पसरले आणि तो जमिनीला टेकताना ते हळूच रजईवर ठेवले.

"वहिनी, काहीच आलं नाही."

"नाहीच येणार."

"गोऱ्यांना हाडं मोडल्याचा आवाज लागतो. वरचे मला विचारतील."

"सांग त्यांना, हे अलगद उतरायचे."

माकने काचेआड वहीत ‘ठीक’ अशी खूण केली. मग म्हणाला, "पुढचं रीळ लावतो."

वर्षभराने बोटीवर काम करणारा तिचा धाकटा दीर परतला. त्याने न्यूयॉर्कमध्ये सिनेमा पाहिला होता.

"लोक नुसते शिट्ट्या मारत होते, वहिनी. दादाच्या उड्यांना तर काय विचारू नकोस."

"आणि हे पडले तेव्हा?"

दिराने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "तेव्हा सगळं थिएटर गप्प."

"किती वेळ?"

"एक श्वास घ्यावा इतकाच. मग पुढची मारामारी सुरू झाली."

तिने मान हलवली, आणि माशाच्या गालाचा मऊ, मानाचा तुकडा काढून त्याच्या वाडग्यात ठेवला.