रडणाऱ्या चित्राची पाठ

फाटकापासून जिन्यापर्यंत रांग लागली होती. दिवाणखान्यातल्या तैलचित्रातली बाई रोज संध्याकाळी रडायची आणि ते बघायला अख्खं गाव लोटलं होतं. चित्र होतंच तसं. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा, हनुवटीवरचा तीळ बोटाने चाचपावा. फोटो समजून लोक जवळ जात आणि ब्रशचा फटकारा दिसला की चपापत.

ते रंगवलं होतं त्या बाईच्याच मुलीने, आई गेल्यावर, परगावी राहून. वडिलांना आणून दिलं आणि ती कामावर परतली. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याचा वास मग एका महाराजांना लागला. चित्रात जीव अडकलाय, तो जागवावा लागेल, असं सांगून त्यांनी ते एक दिवस आपल्या घरी नेलं. परत आलं ते रडतच.

महाराज चौकटीला दोन्ही हात लावत, डोळे मिटत, कोणत्याच भाषेत नसलेले शब्द घोळवत, आणि थेंब ओघळे. कुठेही उभे राहा, बाईची नजर पाठ सोडत नाही, हेही तेच दाखवत. जणू डोळे त्यांनीच रंगवले होते. थेंब वाटीत धरून ते औषध म्हणून पाजत. बायकोचे अश्रू मिळत असताना गोळ्या कशाला, म्हणून वडिलांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. दोनदा चक्कर येऊन पडले, तेव्हा शेजारणीने मुलीला फोन केला.

ती आली, गर्दीतून पुढे गेली. महिनोन्महिने जो डोळा रंगवत ती बसली होती, त्याच्या कोपऱ्यात तिला टाचणीएवढं भोक दिसलं. अशुद्ध हातांनी चित्राला शिवू नये, असं महाराजांनी बजावलं.

"याच हातांनी काढलंय मी ते," ती म्हणाली आणि चित्र उतरवून पालथं केलं.

चौकटीच्या मागे ओला स्पंज दडवलेला होता. तिथून बारीक नळी डोळ्यापर्यंत गेली होती. तिने चित्र उभं धरलं आणि स्पंज दाबला. मंत्राशिवाय थेंब ओघळला. नजरेचं तर त्याहून सोपं होतं. समोर बघणारा, सपाट कापडावर किंवा कागदावर काढलेला चेहरा कुठूनही आपल्याकडेच बघतो. टूथपेस्टच्या जाहिरातीतला माणूसही बघतो. त्याच्या पाया कोणी पडत नाही.

दैवी शक्तीलाही नळी लागते, असं महाराजांनी सांगून पाहिलं. लोक हसू लागले तसे ते स्वयंपाकघराच्या दाराने सटकले.

वडील मात्र हसले नाहीत. "म्हणजे ती रडलीच नाही?"

"नाही अण्णा. आई गेली. रडलात ते तुम्ही, मी चित्र आणलं त्या दिवशी. तेव्हा मागे नळी नव्हती."

त्यांनी तिच्या हातातून चित्र घेऊन भिंतीला टेकवलं. मग गोळी मागून घेतली.

रंगांनी माणसाला रडवलं तर त्यात नवल आहे, आणि ते माणसाच्या हातचं आहे. रंगच रडायला लागले, तर हात जोडण्याआधी चित्र पालथं करून बघा.