झाकणावरचा लाल ठिपका

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी झाडं कापणारी जुनी मशीन आहे, आणि ओळखपाळख नसताना कुणी हात लावलेला मला खपत नाही. तुम्ही म्हणाल, केवढा हा संशयी स्वभाव! पण आधी माझी कहाणी ऐका आणि मग बोला.

बारामतीच्या दुकानातून कळसच्या सावळारामतात्यांनी मला घरी आणलं, तेव्हा माझा रंग नारिंगी होता आणि साखळीचे दात असे धारदार की बाभळीनंही वचकून राहावं. बांधावरची सुबाभूळ, वाऱ्यानं उसात आडवी झालेली निलगिरी, काय काय म्हणून कापलं नाही मी! "तात्यांची मशीन बोलवा," असं आसपासचे लोक म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

पुढं वय झालं. पिस्टनला ओरखडे पडले. दोरी ओढून ओढून तात्यांचा खांदा भरून यायचा आणि मी नुसती फुरफुरायचे. मग गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागं माझी रवानगी झाली. कोंबड्या अंगावर येऊन बसायच्या. कोंबड्या, मित्रांनो! ज्या अंगानं निलगिरी लोळवली, त्या अंगावर!

शेवटी तात्यांनी मला लोणी देवकरच्या ऋषिराज मिस्त्रीकडं न्यायचं ठरवलं. पण तात्यांचा कुणावर विश्वास बसेल तर शपथ. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. दोन कळप मिसळले तर आपलं मेंढरू ओळखू यावं, म्हणून ते प्रत्येकाच्या पाठीवर लाल खूण करत. तात्यांनी तोच नेम मला लावला. ऑइलपेंटची डबी घेऊन बसले आणि मुठीवर, कव्हरवर, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर, जिथं जागा दिसली तिथं ठिपका दिला.

"आता बदल म्हणावं काय बदलायचं ते," ते प्रयागबाईंना, म्हणजे आमच्या घरधनिणीला म्हणाले. "ही मिस्त्री लोकं चांगला माल काढून घेत्यात आन् खोटा बसवत्यात."

मला ते शंभर टक्के पटलं.

ऋषिराजनं मला उघडलं. "तात्या, ह्या मॉडेलचा कंपनीचा पार्ट आता मिळत न्हाय. सिलिंडर, पिस्टन, कार्बोरेटर, समदं बाहेरचं बसवावं लागंल."

"म्हंजी डुप्लिकेट?"

"डुप्लिकेट न्हाय वो, दुसऱ्या कंपनीचं."

तात्यांनी डोळे बारीक केले. नवा पिस्टन आत शिरला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. कुठला कोण, आणि थेट काळजात बिऱ्हाड! ऋषिराज झाकण उघडून पेट्रोल ओतायचा, मला सुरू करायचा आणि कान देऊन कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचा. "नवा पिस्टन हाय, हिला जरा जास्तच पेट्रोल पाजतो," म्हणाला. मी झकास गुरगुरले, त्यानं लगेच बंद केलं आणि आम्ही घरी आलो.

बांधावर निलगिरी पडलेली होती. सुरुवात झोकात झाली. पण अर्ध्या बुंध्यात गेले आणि घसा कोरडा पडला. आवाज एकदम चढला नि मी गप्प. काही वेळानं पुन्हा सुरू, पुन्हा गप्प.

"म्हनलं न्हवतं? फसवलं त्यानं!" तात्या कडाडले आणि मला उचलून परत लोणी देवकरला घेऊन गेले. तिथं ऋषिराजनं झाकण उघडून पेट्रोल घातलं, दोरी ओढली, तर मी लगेच सुरू! आता आली का पंचाईत? तात्यांना वाटलं, मिस्त्री लबाड. मिस्त्रीला वाटलं, तात्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत नसणार. आणि मला वाटलं, हा परका पिस्टनच घात करतोय.

"उद्या माझ्या बांधावर ये," तात्या म्हणाले. "तितं बंद पडली तर तितनंच भंगारात देतो. आन् तुझं नाव गावभर करतो."

भंगार! मित्रांनो, हा शब्द ऐकून माझी साखळी गारठली.

ऋषिराज आला. प्रयागबाईही बांधावर येऊन उभ्या राहिल्या. मी जीव तोडून कापायला लागले आणि त्याच जागी, त्याच अर्ध्या बुंध्यात, मेले. तात्या मला उचलून मोटारसायकलकडं निघाले. मी त्या पिस्टनला काय काय शिव्या घातल्या, ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखं नाही.

"आवो, थांबा की! पेट्रोल तरी संपलं का बघा," म्हणत प्रयागबाईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं आणि झाकण फिरवलं. सुस्स्! बाहेरची हवा आत घुसली.

"आगं बया, ही श्वास घेती का काय?"

ऋषिराजनं झाकण ओढूनच घेतलं. मधोमध लाल ठिपका होता. "तात्या, हितं बारीक भोक असतंय. पेट्रोल खाली गेलं की त्यातनं टाकीत हवा येती. ती न्हाय आली तर पेट्रोल पुढं जाणार कसं? मी दरवेळी झाकण उघडायचो, म्हनून माझ्याकडं चालायची. ह्यो रंग कुनी दिला?"

तात्या उसाकडं बघत राहिले.

प्रयागबाईंनी बांगडीला अडकवलेली पिन काढून भोक मोकळं केलं. मग मी अशी धावले की बुंधा आरपार! तात्यांनी कपाळ पुसलं आणि तरीही हळूच विचारलं, "आन् माझा जुना सिलिंडर?"

"तुमच्या नावानं पिशवीत टांगलाय दुकानात. तुमी इचारलंच न्हाय कधी."

तात्यांची मान खाली गेली. माझीही गेली असती, असती तर.

मित्रांनो, यंत्र दुरुस्तीला द्याल तेव्हा हवी तेवढी चौकशी करा, पण तोंडानं करा. आम्हाला साफ ठेवा आणि आमची श्वासाची जागा बुजवू नका. खरं सांगते, त्या नव्या पिस्टनवर माझी नजर अजून आहेच. पण परवा साखळीचं चाक बदलायला तात्यांनी मला पुन्हा ऋषिराजकडं सोडलं. निघताना प्रयागबाईंनी रंगाची डबी पुढं केली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."