ज्या वर्षी कर तुटली नाही

मित्रांनो, तुमचे पणजोबा रांगत होते तेव्हापासून मी बाजाराच्या तोंडाशी उभी आहे. भालकीकडच्या एका बाजारगावची मी जुनी कमान. जांभ्या दगडाची, म्हणून रंगाने तांबडी, आणि लोक म्हणतात, स्वभावानेही. माझ्या दोन्ही अंगांना दगडी दुकानांची ओळ आहे. आमच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या आहेत, त्यामुळे एकीला पाडलं की दुसरी गेलीच म्हणून समजा.

माझा जन्म निजामाच्या राजवटीतला. गवंड्यांनी खाणीतून मऊ दगड आणले, तासले आणि चुन्यात बसवले. जांभा वाऱ्याला लागला की टणक होतो. मीही उन्हापावसात टणकच होत गेले. माझ्याखालून धान्याच्या गाड्या गेल्या, वराती गेल्या. मराठी, कन्नड आणि दखनी, तिन्ही भाषांतली भांडणं मी ऐकली आणि तिन्ही मला सारखीच गोड लागली.

पण माझा खरा मान कारहुणवीचा, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाचा! ज्येष्ठी पौर्णिमेला माझ्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी कड्यांना कडुनिंबाच्या पानांची दोरी बांधतात. तिला म्हणतात कर. सजवलेले बैल धावत येतात आणि छातीने ती तोडतात. पांढऱ्याने आधी तोडली तर ज्वारी पिकणार, तांबड्याने तोडली तर तूर, असं आमच्याकडे मानतात.

यंदा सरकारी निधी आला आणि दुमजली व्यापारी संकुल बांधायचं ठरलं. त्याच्या नकाशात मी नव्हते, दुकानंही नव्हती. पंचशीला नावाची तरुण इंजिनियर आली, गाडीची काच खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि ‘मोडकळीस आलेली, धोकादायक’ असा शेरा मारून गेली. मोडकळीस? आणि मी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या पायाशी दानेश्वरीचं फुलांचं दुकान आहे. कर दरवर्षी तीच वळते. पंचशीला पुन्हा आली तेव्हा दानेश्वरीने तिला विचारलं, “कमान पाडल्यावर कर कुठं बांधायची, अक्का?”

“तुम्हाला नव्या संकुलात गाळा मिळंल की.”

“मग बैल काय गाळ्यात पळवायचे व्हय?”

कारहुणवीच्या दिवशी पंचशीला मोजमापाला आली, तर बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. हलग्या कडाडत होत्या. पोरं नेहमीप्रमाणे माझ्या माथ्यावर चढून बसली होती. ते पाहून ती घाबरली.

“उतरा रे खाली! कच्ची हाय ती कमान!”

तिचं ऐकतो कोण? तेवढ्यात बैल सुटले. शेजारच्या मेहकर गावच्या राघोबाचा पांढरा आणि बसवराजचा तांबडा, दोघे शिंगाला शिंग लावून आले आणि एकदमच करीवर आदळले.

कर तुटली नाही! बैलांनी खुर रोवले, माना खाली घातल्या आणि सगळं बळ लावून रेटलं. माझ्या कड्यांतून कळ उठली. चुन्याची भुकटी पंचशीलाच्या केसांवर पडली. मला भीती वाटली, मित्रांनो, खरंच वाटली. माझं काय व्हायचं ते होवो, पण माथ्यावर पोरं होती. मी जीव खाऊन उभी राहिले. माझ्या एकाही दगडाने शेजारच्याची साथ सोडली नाही.

राघोबाने धावत येऊन विळ्याने दोरी कापली, तेव्हा पानांच्या आतून निळं नायलॉन निघालं.

“आगं दानेश्वरी, नायलॉन घातलीस कामून?”

“मग काय करू, अण्णा? अंबाडी कोण पेरायलंय आता? दोर वळायला तिचा वाक कुठनं आणू?”

सगळा बाजार खो खो हसला. मग वाद पेटला. बसवराज म्हणाला, तांबडा पुढं होता. राघोबाने हात वर केला.

“तुझा न्हाई, माझाबी न्हाई. आवंदा कमान जिंकली! आन ती तांबडी हाय, म्हंजे तूर पिकणार बघा!”

अशी आरोळी उठली म्हणता! गुलाल माझ्या माथ्यापर्यंत उडाला. दानेश्वरीने शिडी लावून बैलाचा हार मलाच घातला. ती उतरल्यावर त्याच शिडीवर पंचशीला चढली. तिने माझ्या सांध्यासांध्यावरून तळहात फिरवला. काहीच हललं नव्हतं. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच मला हात लावला होता.

“दानेश्वरी अक्का,” ती वरूनच हसत ओरडली, “नकाशा बदलायलेय मी!”

दुकानांमागे जुन्या कोंडवाड्याची जागा ओसाड पडली आहे. संकुल तिथे बांधायचं, असा नवा नकाशा तिने काढला आणि तो परवाच्या बैठकीत मंजूर झाला. माझे पाय जमिनीत रोवलेले नसते तर मी त्या दिवशी बाजारभर नाचले असते.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्या बहिणी असतील. कुणी त्यांना मोडक्या म्हणू लागलं, तर आधी हात लावून पाहायला सांगा. प्रत्येकीची ताकद दाखवायला बैल धावून येणार नाहीत. तुम्ही या.